यंदा एक तरी बाहुली स्वतः रंगवा

गणेशोत्सव संपत आला की कुंभकोणमच्या दुकानांत कोलूच्या बाहुल्या दिसायला लागतात. नवरात्रात तमिळ घरांमध्ये पायऱ्या मांडून, त्यांवर कापड अंथरून देवादिकांच्या, माणसांच्या, प्राण्यांच्या बाहुल्या ठेवतात. त्या मांडणीला कोलू म्हणतात. पायऱ्या तीन, पाच, सात, नऊ अशा विषमच असतात. दसरा झाला की तिकडे महाराष्ट्रात दिवाळीच्या किल्ल्यांची लगबग सुरू होते आणि पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यात मावळे ओळीनं मांडले जातात. दोन्हीकडे आता बराचसा माल एकाच तऱ्हेचा येतो: साच्यातून काढलेला, फवाऱ्यानं एका दमात रंगवलेला, चेहरा गुलाबी, ओठ लालभडक, डोळे कसेबसे टेकवलेले. माझी वाचकांना विनंती आहे, की यंदा त्यातली एक तरी बाहुली, एक तरी मावळा कोरा आणा आणि घरी रंगवा. कसा रंगवायचा ते मी सविस्तर सांगते.

मी कुंभकोणमला राहते. इथली मराठी घरं कालपरवाची नाहीत. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथं भोसल्यांची गादी होती. त्या काळात आलेली कुटुंबं कावेरीकाठच्या गावोगावी स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले राजा सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात जन्मले. इथल्या मराठी घरांतही कोलू मांडला जातो, आणि कोलूच्या बाजूला मुलं एक 'पार्क' करतात. त्यात वाळूचे रस्ते, मातीचा डोंगर, वर छोटं देऊळ, परातीत तळं, आणि आठवडाभर आधी पेरलेल्या मोहरीचं वा मेथीचं हिरवं रान. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला हे दाखवा, तो म्हणेल, 'अरे, हा तर किल्ला!' म्हणून मी जे सांगणार आहे ते दोन्ही घरांना लागू आहे.

या विद्येत मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो तिसऱ्याच मंडळींचा. टेबलावर सैनिक मांडून लढाया खेळण्याचा छंद युरोपात जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ वापरात आला. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं आणि खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईला नियम घालून दिले. आज हा छंद आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही आहे. त्यातले बरेचसे सैनिक २८ मिलिमीटरचे, म्हणजे इंचाहून जेमतेम उंच. एवढ्या लहान चेहऱ्यावर हातभर अंतरावरून भाव दिसला पाहिजे, चिलखत लोखंडाचं वाटलं पाहिजे, अंगरख्याची चुणी मोजता आली पाहिजे, यासाठी त्या लोकांनी रंगकामाची एक शिस्त बसवली आहे. तिला महागडे परदेशी रंग लागतातच असं नाही. शाळेच्या दुकानात मिळणारे कॅम्लिनचे किंवा फेव्हिक्रिलचे अ‍ॅक्रिलिक रंग, फेव्हिकॉल, एम-सील आणि दोन बरे ब्रश एवढ्यावर ती पूर्ण चालते.

या शिस्तीचं मर्म एकच आहे. वस्तू लहान झाली की तिच्यावर सावली पडेनाशी होते. खऱ्या माणसाच्या धोतराच्या निऱ्यांत काळोख असतो, हनुवटीखाली छाया असते. तीन इंची बाहुलीत त्या खाचा इतक्या उथळ असतात की खोलीतला उजेड त्या पुसून टाकतो. मग ती सावली आपण रंगानं घालायची, आणि उजेडही रंगानंच द्यायचा.

हे पटवून घ्यायचं असेल तर कुंभकोणमहून चारेक किलोमीटरवर दारासुरम आहे, तिथं जाऊन या. दुसऱ्या राजराज चोळानं बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ तिथं आहे. २००४ पासून ते जागतिक वारशात आहे. लोक बहुधा पुढचा रथाच्या आकाराचा मंडप आणि त्याचे घोडे बघून परततात. तुम्ही गाभाऱ्याच्या भिंतीच्या तळाशी वाका. शैव संतांच्या, नायन्मारांच्या कथा तिथं लहान लहान पट्ट्यांत कोरल्या आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात नीट पाहा: हात आणि कमर यांच्यामधली फट, केसांचा बुचडा आणि मान यांच्यामधली खाच, ही शिल्पकारानं जरूरीपेक्षा खोल घेतली आहे. आकृती लहान म्हणून सावली मुद्दाम वाढवली आहे. दगडात जे छिन्नीनं केलं, ते आपण ब्रशनं करायचं.

आता कामाला लागू.

पहिली गोष्ट, बाहुली कशाची आहे ते ओळखा. भाजलेली माती असेल तर नखानं वाजवल्यावर खणखणीत आवाज येतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची बाहुली बद्द वाजते आणि ओल्या बोटाला पांढरं लागतं. कागदाच्या लगद्याची हातात हलकी लागते. कच्च्या शाडूची असेल तर ती पाण्याखाली चुकूनही धरू नका. माती आणि प्लॅस्टर दोन्ही रंग पितात, म्हणून त्यांना आधी अस्तर हवं. कोऱ्या मातीवर थेट रंग लावला की पहिला हात डागाडागांनी सुकतो, मग माणूस चिडून जाड रंग थापतो आणि नाकडोळे बुजून जातात. घरी रंगवलेल्या बहुतेक बाहुल्या बिघडतात त्या इथं.

अस्तराची आपली जुनी रीत मला फार आवडते. सावंतवाडीचे चितारी गंजिफाचे पत्ते करताना कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडू यांचा लेप देतात. तंजावरी चित्रांतही दागिन्यांचा उठाव खडूची पूड आणि डिंक यांच्या लगद्यानं करतात, मग त्यावर सोन्याचा वर्ख बसवतात. कृती सोपी आहे. चिंचोके भाजून तपकिरी साल काढा, रात्रभर भिजवा, वाटा, पाणी घालून मंद आचेवर खळ होईपर्यंत शिजवा आणि कपड्यातून गाळा. त्यात वस्त्रगाळ खडूची पूड घालत जा. ब्रशवरून ओघळावं पण टपकू नये, इतपत दाट ठेवा. एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा द्या आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा. खळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा. एवढा वेळ नसेल तर फेव्हिकॉलमध्ये तिप्पट पाणी घालून एक हात मारा आणि वर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात द्या. प्लॅस्टिक किंवा रेझिनचा सैनिक असेल तर साबणाच्या पाण्यानं धुऊन, सुकवून मगच अस्तर द्या. साच्याचं तेल राहिलं तर रंग सोलून निघतो.

देवाच्या, बायकांच्या, लहान मुलांच्या बाहुल्यांना पांढरं अस्तर योग्य. सैनिकाला मात्र गडद तपकिरी अस्तर द्या. खाचाखोचांत ब्रश पोचला नाही तरी तिथं सावलीच राहते, पांढरे ठिपके उरत नाहीत.

त्यानंतर मूळ रंग. रंग दुधाइतका पातळ करा आणि दोन हात द्या. पहिला हात दिल्यावर खालचं अस्तर दिसेल, दिसू द्या. घाईनं त्याच जागी पुन्हा ब्रश नेऊ नका, अर्धवट वाळलेला रंग उखडतो. ब्रश फार बारीक घेऊ नका. तीन शून्याचा ब्रश दुकानात मोहात पाडतो, पण त्यात रंग मावत नाही, आणि बाहुलीपर्यंत नेईतो टोकावरच वाळतो. गोल, एक नंबरचा, टोक शाबूत असलेला ब्रश घ्या. डोळेसुद्धा त्यानंच होतात. रंग पत्र्याच्या टोपणापर्यंत चढू देऊ नका आणि ब्रश पाण्यात उभा ठेवू नका. ब्रश मरतो तो याच दोन सवयींनी. उन्हाळ्यात रंग ताटलीतच सुकतो. त्यावर उपाय असा: पसरट डब्यात ओलं फडकं घाला, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग काढा. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो.

मग सावली. बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, एक भाग, पाणी आठ ते दहा भाग, फेव्हिकॉलचा एक थेंब आणि भांड्याच्या साबणाचा सुईच्या टोकावर येईल तेवढा अंश. साबणानं पाण्याचा ताण मोडतो आणि रंग आपोआप खाचेत जाऊन बसतो. हे पाणी चुण्यांमध्ये, बोटांच्या मध्ये, पगडीच्या पेचांत, कमरबंदाच्या कडेला सोडा. उंच भागावर डबकं साचलं तर कोरड्या ब्रशच्या टोकानं टिपून घ्या. वाळेपर्यंत बाहुली आडवी करू नका. हे एवढं केलं तरी बाजारची बाहुली आणि तुमची बाहुली यांतला फरक घरातलं कुणीही ओळखेल.

शेवटी उजेड. ब्रशवर रंग घ्या आणि जुन्या कागदावर पुसत राहा, कागदावर जवळजवळ काही उमटेनासं होईपर्यंत. मग तो कोरडा ब्रश उंच भागांवरून हलका फिरवा. निऱ्यांच्या कडा, दाढीचे केस, घोड्याची आयाळ, बुरुजाचे दगड झटकन वर येतात. लहान मुलांना ही पायरी सर्वांत आवडते, कारण चूक होण्याची धास्ती नाही. त्यांच्याकडूनच करून घ्या.

आता रंगांच्या कृती. 'स्किन' किंवा 'फ्लेश' लिहिलेली गुलाबी ट्यूब आणू नका, हा माझा आग्रह आहे. कोलूवर मांडलेली मंडळी, किल्ल्यावरचे मावळे हे या मातीतले लोक आहेत. सगळे एकजात गुलाबी कसे असतील? पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर, दोन भाग, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना एक भाग आणि पांढऱ्याचा अगदी थोडा अंश. हा झाला मूळ रंग. कुणाला थोडं बर्न्ट अंबर वाढवून सावळा करा, कुणाला ऑकर वाढवून उजळ. सावली अंबरच्या पाण्याची. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, हनुवटी आणि बोटांच्या पेरांवर मूळ रंगात थोडा ऑकर आणि पांढरा घालून ठिपके. दहा मावळ्यांचे दहा रंग झाले की फौज खरी वाटायला लागते.

पांढरा अंगरखा किंवा धोतर हे सर्वांत अवघड काम. शुभ्र पांढऱ्यानं सुरुवात केली की पुढं उजेड द्यायला काही उरत नाही. पांढऱ्यात थोडं अंबर आणि किंचित काळा घालून मळकट राखाडी करा, तो लावा. त्यावर खाचा सोडून किंचित मळकट पांढरा. नितळ पांढरा फक्त खांद्यावर, गुडघ्यावर आणि निऱ्यांच्या कडांवर. लाल पगडीला क्रिमसनमध्ये अंबर घालून मूळ रंग द्या, मग नुसता लाल. उजेडाला लालमध्ये नारिंगी घाला. पांढरा घातलात तर पगडी गुलाबी होते. भगव्या झेंड्याला नारिंगीत ऑकर, सावली बर्न्ट सिएनाची आणि फडफडणाऱ्या कडांवर पिवळा. काळा रंग नुसता काळा लावू नका, त्यात निळ्याचा अंश घाला आणि कडांना राखाडी द्या. तलवारीला काळ्यावर चंदेरी, आणि फक्त धारेवर पुन्हा नितळ चंदेरी.

पितळेचा रंग मात्र मी इथं राहून शिकले. कुंभकोणमची पितळी भांड्यांची दुकानं आणि शेजारच्या नाचियारकोविलच्या समया प्रसिद्ध आहेत. एखादी समई दिव्याच्या उजेडात नीट न्याहाळा. तिच्यात सोनेरी रंग फार थोडा दिसतो: कडांवर आणि गोलाईच्या एका पट्ट्यात. बाकी सगळी तपकिरी, हिरवट, ऑकर. म्हणून ढालीच्या फुल्या, हत्तीच्या घंटा, तोफा यांना आधी ऑकर आणि अंबर यांचं मिश्रण द्या, त्यावर सोनेरी पुसट फिरवा, मग अंबरचं पाणी आणि शेवटी कडेवर सोनेरीची एक रेघ. जवळच्याच तिरुभुवनमचं रेशीम बाहुलीच्या अंगावर दाखवायचं असेल तर काठाला सलग सोनेरी पट्टा ओढू नका. ऑकरची रेघ काढा आणि तिच्यावर अंतराअंतरानं सोनेरी ठिपके द्या. जरीची चमक ठिपक्यांनी येते.

डोळे शेवटी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी जाणत्या हाताकडे असते, आणि इथं स्वामिमलैला ओतीव मूर्तीचे डोळे उघडण्याचा मुहूर्त काढतात. आपण एवढं तरी पाळावं, की डोळे थकलेल्या हातानं करू नयेत; सकाळी ताजेतवाने बसावं. क्रम असा: जिथं डोळा आहे तिथं अंबरची आडवी रेघ. तिच्यात किंचित मळकट पांढऱ्याचा लांबट ठिपका, वर-खाली अंबरची कड दिसत राहील असा. मग वरच्या पापणीला टेकलेलं बुबुळ; ते मधोमध सुटं ठेवलंत तर बाहुली दचकलेली दिसते. रंग बाहेर गेला तर त्वचेच्या रंगानं कड सावरून घ्या. इंचभर सैनिकाला पांढरा ठिपका देऊच नका, भुवईखाली अंबरची सावली पुरते.

बैठकीकडे सगळे दुर्लक्ष करतात, आणि मला वाटतं निम्मं काम तिचं आहे. आकृती उत्तम रंगवून खाली हिरवा ऑइलपेंट फासला, की सगळं खेळण्यावर येतं. बैठकीवर फेव्हिकॉल पसरा, चाळलेली वाळू दाबा, चारदोन खडे ठेवा, रात्रभर वाळू द्या. मग गडद मूळ रंग, अंबरचं पाणी आणि कोरड्या ब्रशनं दोनदा उजेड. गवताला काथ्या बारीक कातरून हिरव्या-पिवळ्या रंगात बुडवा आणि झुबके करून चिकटवा. झाडाखालच्या पाचोळ्याला चहाचा वाळवलेला चोथा फार छान दिसतो.

माती कुठली, ते मात्र आधी ठरवा. सह्याद्रीचा कातळ काळा-तपकिरी, त्यावर राखाडी आणि शेवटी राखाडीत थोडा ऑकर. कोकणातला जांभा बर्न्ट सिएनाचा. इथली कावेरीची गाळाची जमीन करडी-तपकिरी. नवरात्रात कुंभकोणमच्या शिवारात भाताच्या खाचरांत पाणी असतं. ते करायचं असेल तर बैठकीला बांध घाला, तळ गडद अंबरनं रंगवा, काथ्याचे हिरवे तुरे ओळीनं रोवा आणि त्यावर चकचकीत व्हार्निशचे चार-पाच अगदी पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. एकदम ओतलंत तर वरून साय धरते आणि आत दुधाळ राहतं. असंच तळंही करता येतं. कुंभकोणमच्या महामहम तळ्याभोवती तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी बांधलेले सोळा मंडप आहेत; पार्कमध्ये ते तळं करायची हौस असेल तर मंडपांना नेट्टी वापरा. पाणथळ जागी उगवणाऱ्या या झाडाच्या पांढऱ्या गाभ्यातून तंजावरचे कारागीर देवळांच्या प्रतिकृती कोरतात, आणि तो ब्लेडनं सहज कापला जातो.

किल्ला करणाऱ्या मुलांना माझं एक सुचवणं आहे. रायगड, प्रतापगड दरवर्षी होतात. यंदा जिंजी करून पाहा. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी तो घेतला, पुढं राजाराम महाराजांनी मोगली वेढ्यात तिथूनच राज्य सांभाळलं आणि १६९८ मध्ये तो पडला. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला हा जिंजी. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्या आणि त्यांना सांधणारा तट, त्यामुळे मांडणीलाही वेगळी मजा येते. पण तिथला दगड ग्रॅनाइटचा आहे, गोल गरगरीत धोंडे एकावर एक. तिथं सह्याद्रीचा काळा रंग चालणार नाही. राखाडीत ऑकर आणि सिएनाचा अंश घाला आणि स्पंजाच्या तुकड्यानं गडद-फिके ठिपके उठवा. अळीव पेरणार असाल तर पाणी घालून झाल्यावरच मावळे ठेवा, आणि त्यांच्या बैठकीला खालून मेण चोळा. कच्ची माती ओल ओढते.

रंग पूर्ण वाळल्यावर मंद चमकेचं व्हार्निश द्या. चकचकीत फक्त डोळे, दागिने आणि पाणी. आश्विनात इथं हवा दमट असते, महाराष्ट्रातही परतीचा पाऊस रेंगाळतो. अशा हवेत स्प्रेचं व्हार्निश मारलं की वर पांढुरका थर येतो आणि सगळी मेहनत धुरकट होते. ब्रशनं लावा, नाहीतर कोरडं ऊन पडेपर्यंत थांबा.

आता जुन्या बाहुल्यांविषयी, आणि हे मी कळकळीनं सांगते. आजीच्या पेटीतली बाहुली नवी दिसावी म्हणून तिच्यावर सरसकट ऑइलपेंट फिरवू नका. माझ्या शेजारच्या मामींकडे मातीचा एक वाणी आहे, वाणसामानाचं दुकान मांडून बसलेला. त्याच्या उपरण्याची किनार ब्रशच्या एकेका केसानं काढलेली आहे. ती किनार पुन्हा कुणी काढणार नाही. अशा बाहुलीची धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झाडा, काजळी जेमतेम ओलसर कापसानं टिपा, उडालेल्या टवक्यात फेव्हिकॉल आणि खडूची लांबी भरा आणि तेवढ्याच जागी रंग जुळवा. तुटलेलं बोट एम-सीलनं घडवता येतं. जुना रंग पॉलिश पेपरनं कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. घासायचंच असेल तर ओलं करून, तोंडाला मास्क लावून, मुलांना दूर ठेवून घासा.

मरपाची, म्हणजे रक्तचंदनाची जोडी, कधीच रंगवू नका. तिला कपडे शिवा, दागिने घाला. तंजावरची मान डोलावणारी बाहुली असेल तर सांध्यांना रंग अजिबात लागू देऊ नका. तिचे भाग एकमेकांवर नुसते तोललेले असतात. गळ्याशी रंगाचा एक जाड थर बसला की तोल जातो आणि डोलणं थांबतं.

वेळेचा हिशेब असा करा. पितृपंधरवड्यात खरेदी न करणारी घरं आहेत. त्यांनी बाहुल्या आणि रंग गणपतीतच आणून ठेवावेत आणि पंधरवड्यात रोज संध्याकाळी थोडं थोडं काम करावं. एक दिवस अस्तर, एक दिवस मूळ रंग, एक दिवस सावली. घटस्थापनेपर्यंत दोन-तीन बाहुल्या निवांत होतात. किल्ल्याच्या मावळ्यांना दसऱ्यापासून सुरुवात केली तरी पुरते, मात्र सहामाही परीक्षा मध्ये येते हे आईवडिलांनी लक्षात ठेवावं. मुलाचा पहिला मावळा वाकडा-तिकडा होईल. तो दुरुस्त करून देऊ नका. बैठकीच्या खाली त्याचं नाव आणि साल लिहून घ्या आणि दरवाजाशी पहारेकरी म्हणून मानानं उभा करा.

आणि कोरी बाहुली कुठं मिळेल, असं विचाराल तर बाहुल्या घडवणाऱ्याकडेच मागा, मग ते कुंभकोणम असो, कुंभारवाडा असो की तुमच्या गावचा कुंभार. रंगकाम वाचलं म्हणून भावात घासाघीस करू नका. माती मळणं, साचा भरणं, भाजणं ही मेहनत तेवढीच आहे. आज त्याच्याकडे कोरी नसेल तर पुढच्या वर्षासाठी सांगून या, आणि जमलं तर थोडी रक्कम आगाऊ देऊन या. चार घरांनी मागितली तर तो नक्की ठेवेल.